२००१ ची होंडा एस२००० विकायची आहे, छप्पर बदलून विकू की आहे तशीच?

गॅरेजवाला
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असतो. २००१ मधे लग्नाआधी, थोडा बोनस आणि बाकी कर्ज असं करून एस२००० (होंडाची दोन सीटची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार) घेतली, बर्लिना ब्लॅक, आत लाल सीट्स. आईला फोनवर नुसतं "होंडा घेतली" सांगितलं तर तिला वाटलं कायनेटिक होंडा, म्हणाली हेल्मेट घाल.

गाडी १३,८०० मैल चाललीये. थंडीत रस्त्यावर मीठ पडलं की कव्हर घालायचं ते थेट एप्रिलमधे काढायचं. ठोकलेली नाही, रेडिओसुद्धा कंपनीचाच. पण आता एवढं खाली बसायला पाठ नाही म्हणते, मुलाला क्लच शिकण्यात शून्य इंटरेस्ट, आणि बायकोला गॅरेज रिकामं हवंय.

घोडं पेंड खातंय ते छपराशी. सॉफ्ट टॉपला (घडी होणाऱ्या कापडी छपराला) मागे काच नाही, प्लास्टिक आहे (काच २००२ पासून आली, माझी नेमकी एक वर्ष आधीची), ते पिवळट पडलंय आणि घडीच्या जागी रेघ उमटलीये. काचवालं नवीन छप्पर टाकून विकू का? एका डीलरकडे नेली होती, तो चालवूनसुद्धा न बघता "उभ्या गाडीचं रबर वाळतं" म्हणत असा आकडा बोलला की मी चावी घेऊन सरळ घरी आलो.

नऊहजारी
छपराला हात लावू नका!! माझ्याकडे २००६ ची होती, त्या विकण्याच्या नादात शेकडो जाहिराती वाचल्यात. तुमची गाडी घेणारा माणूस रोज ऑफिसला न्यायला घेणार नाहीये, त्याला २००१ ची गाडी २००१ सारखीच हवी असते. काच त्याला हवी तर तो नंतर टाकेल, पण तुम्ही काढून फेकलेलं ओरिजनल छप्पर कुठून आणणार? पिवळं प्लास्टिक फोटोत स्वच्छ दाखवा आणि मोकळे व्हा.

दुसरं, दारं, बॉनेट, फेंडर, डिकी, बंपर सगळ्यांवर गाडीच्या नंबराचे छोटे स्टिकर असतात, प्रत्येकाचा जवळून फोटो काढा. पत्रा बदललेला नाही याचा त्याहून सोपा पुरावा नाही. आणि सीआर मॉडेलच्या (याच गाडीची रेस ट्रॅकच्या हिशोबाने काढलेली खास आवृत्ती) किमती बघून हुरळू नका, ती २००८-०९ मधे अमेरिकेत सातशेच्या आसपासच विकली गेली, तिची गोष्टच वेगळी.

पाना_नंबर_१२
छपराचं वर सांगितलंय ते बरोबर, पण डीलर रबराबद्दल अगदीच खोटं बोलला नाही हो. टायर कधीचे आहेत? टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कंपनीचे ब्रिजस्टोन एस-०२ असतील तर त्यांच्यावर कोणालाही टेस्ट ड्राइव्ह देऊ नका, नवीन चढवा आणि जुने गाडीसोबत द्या, असल्या गोष्टींवर हे लोक जीव टाकतात.

महत्त्वाचं म्हणजे २०००-०१ च्या इंजिनात पिस्टनला खालून तेल मारणारे जेट असतात, त्यांचे बँजो बोल्ट दोन भोकांचे होते, होंडाने नंतर चार भोकांचे आणले. तेल कमी पडलं की आधी चौथ्या सिलिंडरचा बळी. ते बदलल्याची पावती असेल तर शोधाच, जाणकार पहिला प्रश्न तोच विचारणार. बाकी सकाळी थंड गाडी सुरू करतानाचा व्हिडिओ टाका, चेन टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग) खडखडत नाही ना ते त्यात ऐकू येतं, आणि दुसऱ्या गिअरला टाकताना खरखर येते का तेही आधी स्वतः बघून ठेवा.

मृण्मयी_ताई
आम्ही यांची मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) ऑनलाइन लिलावात विकली, ब्रिंग अ ट्रेलर या साइटवर. तिथे कमिशन मुख्यतः घेणाऱ्याकडून जातं त्यामुळे आपल्याला बरं, पण आठवडाभर नोकरी सांभाळून लोकांना उत्तरं देत बसायची तयारी ठेवा, एकाने तर स्पेअर चाकाखालचा फोटो मागितला होता!! गाडीखालचे फोटो लिफ्टवर चढवूनच काढा. रिझर्व्ह (ज्याच्या खाली विकायची नाही ती किंमत) मात्र आधी शेवटची विकली गेलेली आकडेवारी बघून ठरवा, मागितलेल्या किमती बघून नाही. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

पैसे वायरने (थेट बँकेतून बँकेत) घ्या. कॅशिअर चेक असेल तर घेणाऱ्याच्या बँकेत जाऊन समोर काढून घ्या, खोटे चेक हुबेहूब असतात. आणि तुम्ही जर्सीत ना, नंबर प्लेट काढून मोटार व्हेइकल कमिशनला परत करा, इन्शुरन्स त्यानंतरच बंद करायचा, उलटं केलं तर दंडाची पत्रं येत बसतात.

खवचट_काका
सगळ्यांचं वाचलं. विकू नका. मुलाला एक दिवस नऊ हजार आरपीएमपर्यंत ओढून दाखवा, मग बघू शून्य इंटरेस्ट.

गॅरेजवाला
काका, दाखवलं ना. सहा हजारला व्हीटेक (वरच्या आरपीएमला इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागल्यावर दचकला, मग म्हणाला "बाबा, एवढी ओरडते का?" आणि पुन्हा फोनमधे.

पाना_नंबर_१२, तुमचे पाय कुठे आहेत हो! फाइल उपसली तर बँजो बोल्टची पावती निघाली, २००३ ची, तेव्हा मेकॅनिक काय करतोय हे मला कळलंही नव्हतं. सोबत विकत घेतानाचं बिलही सापडलं. मृण्मयी, त्यावरून आठवलं, घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त आले तर वरच्या पैशावर टॅक्स लागतो ना? तसं झालं तर हे बिल कामाला येईल.

छप्पर आहे तसंच. टायर २०१२ चे निघाले, नवीन मागवलेत. ओरिजनल एस-०२ मात्र बायकोने गॅरेज आवरताना कधीच देऊन टाकलेत, आणि हे तिने मला आज सांगितलं.

नऊहजारी
अरेरे. जाहिरातीत त्याबद्दल काही लिहूच नका.