चर्चा: जंतू अंगात वर्षानुवर्षं बदलतो, मग रिपोर्ट दर वेळी कोऱ्या पाटीवर का?

परळकर
मी एका मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करतो. ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मापासून अधू आहे किंवा केमो, स्टेरॉइडमुळे खचली आहे, अशांचे नमुने आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. रुग्ण तोच, बहुतेकदा जंतूही तोच. आम्ही मात्र नवी प्लेट (जंतू वाढवायची बशी) लावतो, नवा रिपोर्ट देतो आणि जुन्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करून टाकून देतो.

माझं मत सरळ आहे. अशा रुग्णांमधला दीर्घ संसर्ग म्हणजे एकाच जंतूची वाढत गेलेली वंशावळ असते. मागचे नमुने ताडून पाहिल्याशिवाय पुढचं औषध ठरवू नये, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयांनी या रुग्णांचे जंतू उणे ८० अंशांवर जपून ठेवावेत.

उदाहरण देतो. २०१६ मध्ये साल्मोनेला एन्टरायटिडिसबद्दल एक शोधनिबंध आला होता. एरवी हा जंतू अंड्या-कोंबडीतून येतो, चार दिवस पोट बिघडवतो आणि जातो. या रुग्णात इंटरल्यूकिन-१२ चा, म्हणजे पेशींमधल्या एका निरोप्या रेणूचा, रिसेप्टर (निरोप घेणारा भाग) जन्मतः सदोष होता. आपल्या मॅक्रोफेज पेशी साल्मोनेला गिळतात, पण तो मारायला त्यांना इंटरफेरॉन गॅमाचा हुकूम लागतो आणि तो हुकूम सुटतो इंटरल्यूकिन-१२ मुळे. इथे साखळीच तुटलेली, त्यामुळे गिळलेला जंतू पेशीत आरामात राहिला आणि संसर्ग वर्षानुवर्षं उलटत राहिला. मधल्या काळात जंतूचा म्यूट-एस हा जीन बिघडला. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा याच जीनवर चालते. ती बंद पडल्यावर उत्परिवर्तनांचा पाऊस पडला. अनेक जीन निकामी झाले आणि जंतू अशा वाटेला लागला, की ती टायफॉइडच्या जंतूच्या वाटेसारखी दिसते. टायफॉइडचा जंतू फक्त माणसातच राहतो, हे इथे लक्षात घ्या.

तिरकस
असहमत. जगात एक रुग्ण सापडला म्हणून धोरण? विदा कुठाय?

दुसरं, जंतू बदलायला अधू प्रतिकारशक्तीच लागते हे कुणी सांगितलं? स्टॅफिलोकॉकस ऑरियसची २००७ ची केस बघा. हृदयाच्या झडपेला संसर्ग, रुग्णाला व्हॅन्कोमायसिन चालू, आणि तीनेक महिन्यांत त्याच जंतूत ३५ उत्परिवर्तनं. टायफॉइडचे धडधाकट वाहक पित्ताशयात जंतू घेऊन वर्षानुवर्षं हिंडतात. खरे गुन्हेगार आहेत औषध आणि वेळ. तुमच्या हिशेबाने हे रुग्ण म्हणजे जंतूंचे कारखानेच ठरतात की!

निळी_शाई
तिरकसराव, औषध आणि वेळ हे मान्य, पण तिसरा भिडू तुम्ही सोडलात. अँटिबायोटिक एकटं सहसा संसर्ग संपवत नाही. ते जंतूंची संख्या पाडतं आणि उरलेल्यांचा निकाल पांढऱ्या पेशी लावतात. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात रेसिडेंट आहे. केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) शून्याजवळ असतात, तेव्हा हा फरक डोळ्यांनी दिसतो. ताप उतरतो, दोन दिवसांनी परत चढतो, कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून बघायची चाचणी) परत पॉझिटिव्ह.

२०१७ ची एक केस आहे. ल्युकेमियाचं तान्हं बाळ, रक्तात व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकॉकस. योग्य औषधं चालू असूनही जंतू २६ दिवस रक्तात सापडत राहिला. त्या दिवसांतले २२ नमुने संशोधकांनी तपासले, तेव्हा रेल-ए नावाच्या एका जीनमध्ये एकच बदल सापडला. त्या बदलामुळे जंतू कायम 'उपासमार चालू आहे' अशा अवस्थेत राहत होता. नेहमीच्या चाचणीत लिनेझोलिड आणि डॅप्टोमायसिन, दोन्ही लागू! पण बायोफिल्ममध्ये, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून थर करून वाढताना, तो दोन्ही औषधांचे मोठे डोस सोसत होता.

कागदावर जंतू संवेदनशील आणि बाळाच्या रक्तात जिवंत. परळकरांचा मुद्दा मला इथे पटतो, त्यांचा उपाय मात्र निम्माच पटतो. आमच्या हातात येणाऱ्या रिपोर्टवर असतात जंतूचं नाव आणि प्रत्येक औषधासमोर एस, आय, आर (लागू, मधलं, लागू नाही). हा बदल त्यात दिसलाच नसता, जुने नमुने फ्रीझरमध्ये असते तरीही.

लेकाची_आई
एरवी इथे फक्त वाचते. 'कारखाने' वाचून लिहायला बसले.

माझ्या मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज आहे. त्याच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारायला लागणारं रसायन त्यांना बनवता येत नाही. बीसीजीनंतर काखेतली गाठ पिकली ती बराच काळ भरेना, तेव्हा एका डॉक्टरांना शंका आली आणि डीएचआर चाचणीत निदान झालं. तेव्हापासून रोज को-ट्रायमोक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल. सोसायटीच्या बागेत कुजलेल्या पानांचा ढीग असतो, तिकडे फिरकायचं नाही. पावसाळ्यात सगळी पोरं तिथेच चिखलात खेळतात आणि हा गॅलरीतून बघतो.

तिरकसभाऊ, तो कारखाना नाही, इयत्ता चौथीतला मुलगा आहे. परळकर, तुम्हाला एक विचारते. रोजच्या औषधाने आम्हीच जंतूंना तयार करतोय का? तसं असेल तर थांबवायचं का?

परळकर
ताई, थांबवू नका. तुमच्या डॉक्टरांना न विचारता तर मुळीच नाही. या आजारात को-ट्रायमोक्साझोलने गंभीर संसर्ग खूप कमी होतात, हे अनेक वर्षांच्या अनुभवातून पक्कं झालंय. मी म्हणतोय ती गोष्ट वेगळी आहे. संसर्ग होऊ नये म्हणून औषध घेतो तेव्हा समोर तुरळक जंतू असतात. फुप्फुसात किंवा यकृतातल्या गळवात संसर्ग मुरला, की तिथे कोट्यवधी जंतू पिढ्यान्‌पिढ्या वाढतात आणि औषधाला पुरून उरणाऱ्यांची निवड त्यांच्यात होते. प्रतिबंधक औषधाने निवड होतच नाही असं म्हणणार नाही, पण तराजूत पारडं कुठे झुकतं ते उघड आहे.

तिरकस
ताई, तो शब्द मागे घेतो. रोख धाग्याच्या मांडणीवर होता, मुलावर नव्हता.

चिकित्सक_चिंतू
मला वेगळीच शंका आहे. असा मुरलेला जंतू बाहेरच्यांना धोकादायक असतोच का? सिस्टिक फायब्रोसिसचं घ्या. (हा प्रतिकारशक्तीचा आजार नव्हे, फुप्फुसातली साफसफाई बंद पडण्याचा आहे, हे कुणी सांगायच्या आत सांगून टाकतो.) स्यूडोमोनास या जंतूवर सगळ्यात जास्त काम तिथेच झालंय. २००६ च्या अभ्यासात एकाच रुग्णातल्या सुरुवातीच्या आणि साडेसात वर्षांनंतरच्या जंतूची तुलना केली, तर ६८ उत्परिवर्तनं निघाली. त्यातली बरीच तोडफोडीची. तीव्र आजारात उपयोगी पडणारी हत्यारंच त्याने टाकून दिलेली. अशा जंतूंची शेपटी जाते, विष कमी होतं, अंगावर अल्जिनेटचा चिकट थर चढतो. थोडक्यात, घरजावई होतो. सासरी मजेत, बाहेर कुणी विचारत नाही. मग रुग्णाबाहेरच्यांनी एवढं घाबरायचं कशाला?

निळी_शाई
चिंतू, हे अर्धंच खरं आहे. घरजावई कधी कधी शेजारीही शिरतो. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद प्रत्येक रुग्ण माती-पाण्यातून स्वतंत्रपणे घेतो, असं पूर्वी धरून चालत. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमधले बरेच जंतू मोजक्याच वंशांचे आहेत आणि ते वंश वेगवेगळ्या खंडांत पसरलेत.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. सहाराच्या दक्षिणेला साल्मोनेला टायफिम्युरियमचा एसटी ३१३ हा प्रकार पोटात न थांबता थेट रक्तात शिरतो. बळी कोण? एचआयव्हीचे प्रौढ रुग्ण, मलेरियाने आणि कुपोषणाने खंगलेली मुलं. मलावीतल्या नमुन्याचा जीनोम वाचला तेव्हा त्यातही टायफॉइडच्या जंतूसारखेच निकामी जीन सापडले. परळकरांनी एका माणसात दाखवलं ते इथे अख्ख्या लोकसंख्येत दिसतंय. एचआयव्हीमुळेच सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, पण त्याचा फैलाव एचआयव्हीच्या साथीच्या काळातलाच आहे.

क्षयमित्र
सगळे जीनोममध्ये रमलेत, म्हणून जमिनीवरचं सांगतो. आपल्याकडे क्षयरोगाची औषधं वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा दिली जात. चेन्नईच्या अभ्यासांत दिसलं, की एचआयव्ही असलेल्या रुग्णांत या पद्धतीने रिफॅम्पिसिनला प्रतिकार उपचार चालू असतानाच निर्माण होतो. रोज औषध दिलं की तो धोका घटतो. २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. इथे रुग्णाचे जुने जंतू गोठवून काय झालं असतं? डोस बदलला, काम झालं. तेव्हा आधी औषध नीट पोचवा, मग फ्रीझर घ्या.

परळकर
पण चेन्नईत ते कळलं कसं? उपचाराआधीचा जंतू आणि नंतरचा जंतू दोन्ही हाताशी होते, म्हणून कळलं. नाहीतर 'रुग्णाने गोळ्या घेतल्या नसतील' म्हणून फाइल बंद झाली असती.

चिकित्सक_चिंतू
अवांतर: लंडनमध्ये उपचार घेतलेल्या १५ वर्षांच्या मुलीची गोष्ट राहिली. फुप्फुसं बदललेली, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, अंगभर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस. तिला तीन फेज, म्हणजे जंतू खाणारे विषाणू, देऊन आराम पडला (२०१९). त्यातला एक डरबनमधल्या कुजक्या वांग्याखाली सापडला होता! खरी गंमत पुढे आहे. तेच तीन फेज ८१ वर्षांच्या, चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या गृहस्थांना दिले, तर महिनाभर जंतू घटले आणि मग त्यांच्याच शरीराने फेजविरुद्ध प्रतिपिंडं बनवून उपचार निकामी केला.

तिरकस
वांग्याचं काहीही असो, फ्रीझरचं वीजबिल कोण भरणार? जिल्हा रुग्णालयात आधी धड कल्चरची सोय करा. आणि जुना जंतू काढून सीक्वेन्सिंग करून उत्तर येईपर्यंत रुग्ण थांबतो का?

निळी_शाई
थांबत नाही, बरोबर. आम्ही वॉर्डात बिनखर्चाचं एक काम करतो. मागणीच्या फॉर्मवर लिहितो: 'आधी हाच जंतू, अमुक तारखेचा नमुना, तमुक औषध इतके दिवस.' मग लॅबवाले एकच टपोरी कॉलनी (प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका) न उचलता वेगळ्या दिसणाऱ्या दोन-तीन तपासतात. छोटी, उशिरा उगवलेली कॉलनी 'कचरा' म्हणून सोडत नाहीत. गेल्या वेळी त्या छोटीचाच रिपोर्ट वेगळा आला.

तिरकस
फॉर्मपुरता सहमत. फ्रीझर अजून पटलेला नाही.

लेकाची_आई
निळी_शाई, फॉर्मवरचं हे वाक्य आम्ही पालकांनी मागितलं तर डॉक्टर रागावतील का? पुढच्या आठवड्यात ओपीडी आहे.

निळी_शाई
रागावायचं काय त्यात? मागचे सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आमच्याकडे ते बहुतेक वेळा विस्कळीतच येतात.