मॉरिस मायनर अर्ध्या तासात बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. मदत हवी आहे

जाणकारांनो, आता तुम्हीच काय ते सांगा. माझी अक्कल संपली, आणि आज सकाळी पाना सटकून बोटंही सोलून निघाली.

गाडी मॉरिस मायनर १०००, चार दरवाजांची, १९६५ ची. १०९८ सीसीचं ए सिरीज इंजिन, एकच एसयू कार्बोरेटर, एसयूचाच विजेवर चालणारा पेट्रोल पंप, ल्युकासचा डिस्ट्रिब्युटर. डायनामो आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) होतं तसंच ठेवलंय. घेतली तेव्हा दाराखालचा पत्रा बिस्किटासारखा चुरत होता. तीन वर्षं सुट्टीचे दिवस तिच्यात गेले. वेल्डिंग आणि रंग बाहेरून करून घेतला, इंजिन मात्र मी स्वतः उघडलं आणि स्वतःच बांधलं. शेवटी हौस म्हणून बंपर, हबकॅप, पेट्रोलचं झाकण, दरवाजांच्या मुठी, जे जे चकाकू शकतं ते सगळं नवं घेतलं. दिसते फार गोड. चालत नाही, एवढंच.

तक्रार अशी. थंड इंजिन चोक ओढला की पहिल्याच झटक्यात सुरू. मग उत्तम पळते. उतारावर पाय उचलला की मायनरचा तो सायलेन्सरमधून येणारा प्रसिद्ध फुर्रफुर्र आवाजही येतो. आणि मग अर्ध्या तासाच्या आसपास रेस दिली तरी ओढ लागत नाही, दोन-तीन आचके देते आणि तेल संपलेल्या पणतीसारखी विझते. स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं झाडाखाली बसायचं. मग काहीच न करता सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

आतापर्यंत काय केलं:

पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी पाती) नवे, गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). प्लग नवे, २५ थाऊ. ठिणगीच्या बाजूचं बाकी सगळं, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, रोटर, प्लगच्या वायरी, तेही नवं. कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला, फ्लोटची सुई बदलली. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी घासून परत घट्ट केली. पेट्रोलच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं म्हणून नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटेसुद्धा लावले. हसू नका.

माझा संशय व्हेपर लॉकवर (उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं) आहे, कारण गाडी बंद पडल्यावर पंपाला हात लावला तर चटका बसतो. ओलं फडकं ठेवलं की थोड्या वेळाने चालू होते. पण मग नोंदी जुळत नाहीत. मी वहीत लिहून ठेवते, त्या जशाच्या तशा देते:

रविवार पहिला. दुपार, ऊन. काटा पाऊण टाकीवर. २५ मिनिटांत बंद.

रविवार दुसरा. सकाळी लवकर, चांगलाच गारठा. आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरलेली. १२ मिनिटांत बंद.

बुधवार. संध्याकाळ. अर्धी टाकी. ३५ मिनिटं.

रविवार तिसरा. भर दुपार, कडक ऊन, लांबलचक चढ. काटा पावाच्याही खाली. ५० मिनिटं चालली आणि घरी आली. बंद पडलीच नाही!

उष्णतेमुळे होत असेल तर गारठ्यात १२ मिनिटांत का? कुणी सांगेल का? आगाऊ आभार.

प्रतिसाद

दादा, कंडेन्सर. डोळे मिटून कंडेन्सर. गरम झाला की आतून गळायला लागतो, ठिणगी मरते, गार झाला की शहाणा. पाठ्यपुस्तकातलं लक्षण आहे.

धागाकर्ती

दादा नाही, ताई. आणि कंडेन्सर नवा घालून झालाय, वर लिहिलंय.

प्रतिसाद

सॉरी ताई. पण नवा म्हणजे चांगला असं समजू नका. हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा बघता माझ्याकडे खोक्यातून काढलेले दोन पहिल्याच आठवड्यात गेलेत. जुना मूळचा जपून ठेवला असेल तर तोच घालून बघा.

प्रतिसाद

+१. नव्या रोटरचंही तेच. मधल्या रिव्हेटमधून ठिणगी खाली शाफ्टला उतरते.

प्रतिसाद

कशाला हे पॉइंट-कंडेन्सरचं झंझट? इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही. फक्त पॉझिटिव्ह अर्थचं किट मागून घ्या, उलटं जोडलंत तर पहिल्या चावीलाच राख. मी चार वर्षांपूर्वी बसवलं, तेव्हापासून डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलेलं नाही.

धागाकर्ती

मला ते झाकण उघडायला आवडतं हो. फिलर गेज सरकवताना ती पाती पॉइंटमध्ये जराशी अडखळते ना, त्याच्यासाठीच तर ही गाडी घेतली. शिवाय दोष सापडल्याशिवाय आणखी एक नवी वस्तू घालायची नाही असं आता ठरवलंय. आधीच इतक्या घातल्यात की कोणती निर्दोष आणि कोणती चोर हे मलाच कळेनासं झालंय.

प्रतिसाद

ताई, तुमचा शेवटचा निर्णय योग्य आहे, तो मोडू नका. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक. ठिणगी गाडी बंद पडली त्या क्षणी बघितलीत, की घरी आल्यावर? घरी आल्यावर बघून उपयोग नाही, तोवर आजारी माणूस बरा होऊन बसलेला असतो. एक जादा प्लग पुढच्या कप्प्यात टाकून ठेवा. बंद पडली की एका सिलिंडरची वायर काढून त्या प्लगला लावायची, प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवायचं, हात लांब ठेवायचा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचं. ठिणगी निळी-पांढरी आणि फटकन आवाज करणारी असेल तर इग्निशनचा विषय मिटला. पेट्रोल कुठे सांडलेलं नाही ना, हे आधी बघून घ्या.

दोन. बंद पडते तेव्हा पंपाची टिकटिक काय करते? वेगाने, मशीनगनसारखी होते की थांबते? यावर सगळं अवलंबून आहे.

तीन. "पणतीसारखी विझते" असं तुम्ही लिहिलंय. मुद्दाम तसं लिहिलंत, की सहज? इग्निशन जातं तेव्हा गाडी सहसा दिव्याचं बटण दाबल्यासारखी पटकन मरते. ओढ जाणं, आचके आणि मग विझणं, हे बहुतेकदा पेट्रोल न पोचल्याचं लक्षण असतं.

धागाकर्ती

सहज लिहिलं होतं, पण बरोबर तसंच होतं. ठिणगी घरीच बघितली होती, चूक मान्य. टिकटिकीकडे कधी लक्षच दिलं नाही, कारण तोवर मी चिडलेली असते. उद्या भाऊ बरोबर येतोय. मुद्दाम टाकी पूर्ण भरते, म्हणजे लांब जायला नको.

प्रतिसाद

धागा इंजिनाचा आहे, तरी विचारतो. पुढच्या चाकांच्या ट्रनियनना (चाक ज्यांवर वळतं त्या सांध्यांना) ग्रीस देता ना? मायनरचा खालचा ट्रनियन आट्यांवर फिरतो. आटे झिजले की एके दिवशी सुटतो आणि चाक आडवं होतं. अर्ध्या वाटेत बंद पडणं परवडलं, हे नाही.

प्रतिसाद

वाचतोय. माझी गाडी वेगळी आहे, पण दुखणं असंच, म्हणून बसकण मारली आहे.

धागाकर्ती

आज जाऊन आलो. भर सकाळी, टाकी भरलेली, १४ मिनिटांत बंद.

ठिणगी: निळी, खणखणीत. भावाने स्टार्टर मारला, फट फट फट. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, रोटर, सगळे निर्दोष सुटले. त्यांच्यावर मी किती खर्च केला ते इथे लिहिणार नाही.

पंप: गप्प. चावी लावल्यावर एकही टिक नाही, आणि हात लावला तर तसाच चटका. पान्याच्या मुठीने हळूच ठोकलं (सगळे सांगतात म्हणून), काही नाही. २२ मिनिटांनी एक टिक, मग थांबून दुसरी, मग भराभर दहा-बारा, आणि मग नेहमीसारखी. गाडी सुरू.

म्हणजे पंपच ना? पंपाचे पॉइंट जळाले असणार. नवा पंप मागवू?

प्रतिसाद

थांबा! आत्ताच काय ठरवलं होतंत?

जरा सविस्तर लिहितो, कारण एसयू पंपाचं काम नीट समजलं की हा प्रश्न कागदावरच सुटतो. त्या पंपात विजेचा लोहचुंबक एक रबरी पडदा ओढतो. ही ओढ म्हणजे टाकीतून पेट्रोल घेणं. ओढ पूर्ण झाली की पॉइंट उघडतात, वीज तुटते आणि स्प्रिंग तो पडदा परत ढकलते. हे ढकलणं म्हणजे कार्बोरेटरला पेट्रोल देणं. कार्बोरेटरची वाटी भरली की सुई बंद होते, स्प्रिंगला ढकलता येत नाही, टिकटिक थांबते. तेव्हा वीजही तुटलेली असते, त्यामुळे पंप गार राहतो.

आता उलट बघा. पेट्रोल घ्यायच्या बाजूला अडथळा असेल तर लोहचुंबक ओढतच राहतो, ओढ पूर्ण होत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि वेटोळ्यातून वीज अखंड वाहते. पंप गप्प आणि तापलेला. तुमचं वर्णन नेमकं हेच आहे. पंप तापला म्हणून गाडी बंद पडत नाही, पेट्रोल ओढता येईना म्हणून पंप तापतो. व्हेपर लॉक असता किंवा पंप हवा घेत असता तर उलट टिकटिक वेडी झाली असती, कारण पडद्याला विरोधच नसतो.

मग अडथळा कुठे? टाकीतला कचरा नळीच्या तोंडाशी येऊन बसतो, गाडी उभी राहिली की खाली पडतो, असंही होतं. पण तुमची वही वेगळंच सांगते आहे. पुन्हा वाचा. काठोकाठ टाकी, १२ मिनिटं. पाऊण, २५. अर्धी, ३५. पाव, बंदच पडली नाही. ऊन-गारठ्याचा काही संबंध नाही, संबंध टाकीतल्या रिकाम्या जागेशी आहे. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात व्हायला लागतो. रिकामी जागा थोडी असेल तर तो झटपट वाढतो, जास्त असेल तर सावकाश. एसयूच्या बिचाऱ्या पडद्याची ओढण्याची ताकद बेताची. एका मर्यादेनंतर टाकी जिंकते. मग वीस मिनिटांत कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि गाडी शहाणी होते.

नवीन पेट्रोलचं झाकण घेतलंय असं तुम्ही अगदी सुरुवातीलाच लिहिलंत. त्याला हवा घ्यायचं भोक आहे का?

तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी सोडवत बसू नका. पुढच्या वेळी बंद पडली की फक्त झाकण उघडा आणि कान द्या.

प्रतिसाद

दंडवत. वाचनखूण साठवली.

प्रतिसाद

मी कंडेन्सर म्हणणारा. माझे शब्द मागे घेतो. (पण कंडेन्सर खराबच येतात.)

धागाकर्ती

उशिरा लिहिते आहे, कारण दिवसभर गाडीतच होते.

सकाळी परत काठोकाठ टाकी. १३ व्या मिनिटाला आचके सुरू झाले तशी बाजूला घेतली, इंजिन विझलं, चावी तशीच चालू ठेवली. मागे जाऊन झाकण फिरवलं. सोडा वॉटरची बाटली उघडावी तसा सुस्स आवाज, फक्त उलटा, हवा आत ओढली जाण्याचा. चांगले तीन-चार सेकंद. आणि तेवढ्यात पुढून, बॉनेटखालून, टिक टिक टिक टिक. भाऊ पुढे उभा होता, तो ओरडलाच. स्टार्टर मारला, दुसऱ्या फेऱ्याला सुरू. वीस मिनिटं नाही, वीस सेकंद.

झाकण घरी आणून उलटं धरून बघितलं. कुलूप आहे, क्रोम आहे, आत जाड रबरी वॉशर आहे, भोक कुठेच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं असावं, जिच्या टाकीला हवेची वेगळी नळी असते. बरण्यांच्या खोक्यातून जुनं झाकण शोधून काढलं. मळकट, एका बाजूला चेपलेलं, आणि आतल्या बाजूला टाचणी जाईल एवढं भोक. त्यात तेलकट घाण साचली होती, ती तारेने काढली, तोंडाने फुंकून बघितलं, हवा जाते.

ते लावून दुपारी पुन्हा टाकी भरली आणि निघाले. एक तास चाळीस मिनिटं, मध्ये दोन मोठे चढ, कुठेही आचका नाही. पंपाला हात लावला, कोमट. नव्या झाकणात भोक पाडायचा विचार मनात आला होता, पण उतारावर उभी केली की त्यातून पेट्रोल गळणार नाही याची खात्री कोण देणार? चेपलेलंच राहू दे. ज्या गाडीचा नमुना तिच्या रचनाकाराने, इसिगोनिसने, ऐनवेळी मधोमध कापून चार इंच रुंद केला, आणि आधीच बनलेल्या बंपरना मध्ये तुकडा जोडावा लागला, तिला एक चेपलेलं झाकण शोभून जाईल.

चिमटे दोरीवर परत गेले.

ट्रनियनबद्दल विचारणाऱ्यांना: आज लगे हात ग्रीस गन फिरवली. उजवीकडचे दोन्ही आणि डावीकडचा वरचा नीट घेतात, जुनं काळं ग्रीस बाहेर येतं. डावीकडचा खालचा अजिबात घेत नाही, ग्रीस निप्पलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) कडेनेच बाहेर येतंय. निप्पल बदलून बघते. तरी नाही घेतलं तर तोवर गाडी काढत नाही, आणि त्याचा वेगळा धागा काढते.