माड-पोफळीची भरपाई गुंठ्यावर की झाडावर?

वाडीकर:
3 जून 2020ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनवरून गेलं. आमच्या 10 गुंठ्यांच्या वाडीत, म्हणजे बागेत, 100 पोफळी (सुपारीची झाडं) आणि 15 माड (नारळाची) आडवे झाले. सरकारने फळबागेची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली, तेव्हा जरा धीर आला. पण हेक्टर म्हणजे 100 गुंठे. आमच्या वाट्याला 5 हजार! त्यात सातबारा सामाईक, एक चुलते मुंबईला, त्यांचं संमतीपत्र यायलाच किती दिवस गेले. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त झाली. वर माड, खाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, अशी आमची शेती. तिला हेक्टरचं माप लावूच नये. पुढे पोफळीला 50 आणि माडाला 250 रुपये असा झाडामागे दर आला, तोच कायमचा नियम हवा.

पंचनामा:
मला हे पटत नाही. तेव्हा मी पंचनाम्यांना गेलो होतो. वीज नाही, फोन नाही, रस्त्यात झाडं. क्षेत्र सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं, त्यावर वाद होत नाही. झाडं मोजायला जावं तर निम्म्या वाड्या साफ झालेल्या, मग मालक सांगेल तो आकडा लिहायचा का? तुमचाच हिशेब करा. पोफळींचे 5,000, माडांचे 3,750, मिळून 8,750. म्हणजे हेक्टरी मापाने मिळतात त्याहून 3,750 जास्त. एवढ्या फरकासाठी तलाठ्याने गावोगावची झाडं मोजत बसायचं आणि तोवर सगळ्यांचीच मदत अडकवायची?

वाडीकर:
झाड उचललं तरी खुंट राहतो, तो मोजा. आणि 3,750 रुपये तुम्हाला थोडे वाटतात, आम्हाला तेवढ्यात रोपं आली असती.

रोठा:
दर कुठलाही लावा, नवी पोफळ फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं? रोजगार हमीतून लागवडीला पैसे मिळतात, पण तीनच वर्षं. ती मुदत झाड धरेपर्यंत वाढवा, मी त्यासाठी भांडेन.

पंचनामा:
हे मान्य. पण त्याला जॉबकार्ड लागतं, आणि वाडीवाले ते काढत नाहीत. मजूर म्हणून नाव लावायला कमीपणा वाटतो, हे मी घरोघरी ऐकलंय.

वाडीकर:
आमच्या घरातही तेच झालं. आईने नाव लावलं, वडिलांनी नाही.