मदत हवी आहे: दोन मुलं, सासूबाई आणि बिझनेस क्लासचा लांबचा प्रवास

रातराणी

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं, ७१ वर्षांच्या सासूबाई, ६ वर्षांची मुलगी आणि १६ महिन्यांचा मुलगा असे निघतोय. सगळी तिकिटं बिझनेस क्लासची, एकाच पीएनआरवर. मुलगा ११ किलोचा आहे, त्याचं तिकीट मांडीवरच्या बाळाचं.

पहिलं विमान रात्री ९:४० ला, ७ तास २० मिनिटांचं. मग २ तास ५० मिनिटांचा थांबा. दुसरं ८ तास ३० मिनिटांचं, ते भागीदार कंपनी चालवते. पहिल्या विमानात सीटची रचना १-२-१ (खिडकीशी एक, मध्ये दोन, पलीकडच्या खिडकीशी एक) आहे आणि प्रत्येक सीटला सरकतं दार आहे. दुसऱ्यात २-२-२ दिसतंय. सासूबाई सपाट जागी थोडं चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत.

सीट कशा वाटून घ्याव्यात, बाळाला कुठे झोपवावं, जेवण आणि झोप यांचं गणित कसं बसवावं, आणि एवढा थांबा पुरेल का, यावर जाणकारांनी कृपया सांगावं. अजून सीट निवडलेल्या नाहीत.

वाटाड्या

सीट आजच निवडा, बाकीचं नंतर. मुलं बरोबर असताना बिझनेस क्लासमधली खरी अडचण जागेची नसते, मधल्या भिंतींची असते. मोठ्यांना जो आडोसा हवाहवासा वाटतो, त्याच आडोशामुळे ६ वर्षांचं मूल नजरेआड होतं.

१-२-१ मध्ये तुम्हाला बरोबर एक अख्खी ओळ पुरते. मधल्या जोडीत एका बाजूला तुम्ही आणि बाळ, दुसऱ्या बाजूला मुलगी. मुलीच्या पलीकडच्या खिडकीत बाबा, तुमच्या पलीकडच्या खिडकीत सासूबाई. मग मुलीच्या दोन्ही हातांना घरचंच माणूस येतं. मधला पडदा किंवा फळी खाली करता येते, बसल्याबसल्या क्रूला सांगून ती उतरवून घ्या.

मात्र सीट मॅप नीट बघा. काही विमानांत सीट आलटूनपालटून सरकवलेल्या असतात. एका ओळीत मधल्या दोन सीट एकमेकींना खेटून आणि टेबलं वाटेच्या बाजूला, तर पुढच्याच ओळीत टेबलं मध्ये आणि सीट वाटेला लागून. दुसऱ्या प्रकारात मूल तुमच्यापासून हातभर लांब जातं. तुम्हाला खेटलेली जोडी हवी आहे. सासूबाईंची सीट मात्र वाटेला लागून असलेली बरी, म्हणजे उठताना टेबलाला वळसा घालावा लागत नाही.

२-२-२ मध्ये वाटणी बदला. तिथे खिडकीजवळच्याला बाहेर पडायला शेजारच्याचे पसरलेले पाय ओलांडावे लागतात. म्हणून सासूबाई आणि मुलगी मधल्या जोडीत: दोघींना आपापली वाट, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. तुम्ही बाळाला घेऊन मुलीच्या बाजूच्या खिडकीत आणि बाबा तुमच्या शेजारी वाटेला. बाळाचे हातपाय ट्रॉलीच्या वाटेत येत नाहीत, तुम्हाला ओलांडायचे झाले तर घरच्याच माणसाचे पाय ओलांडायचे, आणि मुलगी बाबांच्या हाताशी राहते.

मांडीवरच्या बाळासाठी त्या जागी जादा ऑक्सिजन मास्क लागतो, आणि तो प्रत्येक सीटच्या वर नसतो. शिवाय काही बिझनेस सीटच्या पट्ट्यात एअरबॅग शिवलेली असते (बक्कल जड आणि पट्टा जाड लागतो, त्यावरून ओळखू येते). अशा काही जागी बाळ घेऊन बसू देत नाहीत. वेबसाइट सीट देते आणि विमानतळावर बदलतात, ते बहुधा यामुळे. फोन करून विचारा: बाळ कोणाच्या नावाशी जोडलंय आणि ही सीट बाळासाठी चालते का.

दुसरं उड्डाण भागीदार कंपनीचं असल्यामुळे तिचा पीएनआर बहुधा वेगळा असतो. तो मागून घ्या आणि सीट, मुलांचं जेवण, व्हीलचेअर हे सगळं तिच्याकडे पोचलंय का ते तिच्याच वेबसाइटवर तपासा. मग ७२ तास आधी आणि पुन्हा २४ तास आधी सीट बघा. ऐनवेळी विमान बदललं की नव्या मॅपवर सीट यंत्रणाच वाटते, आणि तुम्ही निवडलेली ओळ मोडू शकते.

दीपस्तंभ

बाळाबद्दल. विमानात भिंतीला लावून देतात त्या पाळण्याची आशा धरू नका. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे साधारण १० ते १४ किलो असते, पण १६ महिन्यांचं मूल वजनात बसलं तरी लांबीत बसत नाही. शिवाय उठून बसू लागलेल्या मुलाला पाळणा धोक्याचाच. सीटबेल्टचा दिवा लागला की बहुतेक कंपन्यांत बाळाला बाहेर काढावं लागतं, ती झोपमोड वेगळीच.

सपाट केलेल्या बेडवर तुमच्या कुशीत, आतल्या बाजूला, वाटेपासून लांब झोपवा. मांडीवरच्या बाळाचा जोडपट्टा तुमच्या पट्ट्यात ओवतात, तो क्रूकडून घ्या आणि आडवं झाल्यावर कसा ठेवायचा तेही त्यांच्याकडूनच बघून घ्या. अमेरिकी कंपन्या हा जोडपट्टा देत नाहीत, तिथे बाळ हातातच धरावं लागतं. तुमचा आणि मुलीचा पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. मध्यरात्री हादरे सुरू झाले की क्रू पट्टे तपासत फिरतात; पट्टा पांघरुणाखाली असेल तर त्यांना उठवावंच लागतं.

बाळासाठी वेगळी सीट आणि कार सीट असा विचार मनात आला असेल, तर आधी लेखी विचारा. बऱ्याच बिझनेस सीट विमानाच्या दिशेला तिरक्या असतात आणि त्यांवर कार सीट बसवायला परवानगी नसते.

बेड सपाट होताना खालची यंत्रणा सरकते. खेळणं, बूट, दुधाची बाटली पायाच्या खोबणीत असेल तर मोटर अडते आणि सीट अर्ध्यात थांबते. बटण दाबण्याआधी खोबणीत हात फिरवा, आणि सीटचं बटण मुलीच्या हाती देऊ नका. फोन फटीत पडला तर सीट अजिबात हलवू नका, क्रूला बोलवा. चिरडलेल्या फोनची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ते स्वतः काढतात.

मुलीच्या चादरीखाली पाणी न झिरपणारं एक डिस्पोजेबल शीट घाला. मोठी मुलंही उशिराच्या गाढ झोपेत बेड ओला करतात, आणि जादा गादी विमानात असेलच असं नाही.

पानगळ

झोपेचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडते. घड्याळ निघण्याच्या ठिकाणचं धरा, कारण पहिल्या रात्री शरीर तेच मानतं.

९:४० ला निघालात की सीटबेल्टचा दिवा साधारण १० वाजता विझेल. उतरायची वेळ पहाटे ५. विमान खाली यायला त्याआधी साधारण अर्धा तास सुरुवात करतं आणि मुलांना त्यापूर्वी जागं करायचं, म्हणजे ४:१५. हाताशी उरले सव्वासहा तास. आता बिझनेस क्लासचं जेवण टप्प्याटप्प्याने येतं. त्याची वाट बघितली तर मुलं ११:३० ला झोपतील आणि पावणेपाच तासांत उठतील. मग थांब्यात रडारड ठरलेली.

म्हणून मुलांचं जेवण ८ वाजता, लाउंजमध्ये. कपडे बदलणं, दात घासणं, बाळाचं डायपर हेही तिथेच उरका. विमानात चढताच क्रूला सांगा: मुलांना जेवण नको, दिवा विझला की आमचे दोन बेड लावून द्या. तुम्हा मोठ्यांपैकीही एकानेच जेवावं आणि जेवणाऱ्याने पहाटेची पाळी घ्यावी. उतरण्याआधीचा नाश्ताही मुलांसाठी नको म्हणून तेव्हाच सांगून ठेवा, नाहीतर ३ वाजता ट्रे आणि दिवे येतील. पहिलं विमान निव्वळ झोपायला आणि दुसरं खायला-खेळायला, एवढं ठरवलंत तर बाकी सगळं त्यात बसतं.

४:१५ ला उठवण्याचं कारण म्हणजे कान. खाली येताना केबिनमधला दाब वाढतो आणि कानाच्या आतली नळी उघडली नाही तर दडे बसतात, दुखतं. मूल झोपेत फारसं गिळत नाही, म्हणून नळी उघडत नाही. बाळाला दूध किंवा पाण्याची बाटली खाली यायला लागल्यावर द्या, आधी देऊन संपवू नका. दूध थोडंथोडं पाजत वीस-पंचवीस मिनिटं पुरवायचं. मुलीला स्ट्रॉने पाणी किंवा चघळायला काहीतरी. उतरताना सीट सरळ लागते, म्हणजे आडव्या मुलाला तसंही उठवावंच लागतं. ते ऐनवेळी करण्यापेक्षा आधी बरं.

दुसऱ्या विमानात मुलांचं जेवण किमान २४ तास आधी मागवलेलं हवं, बाळाचं वेगळं सांगा. ते मोठ्यांच्या आधी द्यायला सांगितलं की क्रू सहसा देतात. विमानातले हेडफोन मुलीच्या डोक्यावरून घसरतील, तिचे स्वतःचे तारेचे, ३.५ मिमी पिनचे न्या. काही जुन्या विमानांत दोन किंवा तीन पिनांचं सॉकेट असतं, त्यासाठी छोटा ॲडाप्टर बरोबर असू द्या.

वाटाड्या

थांब्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. २ तास ५० मिनिटं पुरतात, पण मोकळा वेळ तासाभराचाच समजा. व्हीलचेअरचे प्रवासी सहसा शेवटी उतरतात, त्यात २० ते ३० मिनिटं जातात. पुन्हा सुरक्षा तपासणी असेल तर अर्धा तास. दुसऱ्या विमानाचं बोर्डिंग ४५ ते ६० मिनिटं आधी सुरू होतं आणि गेट साधारण १५-२० मिनिटं आधी बंद होतं. बऱ्याच लाउंजमध्ये घोषणा होत नाहीत, म्हणून फोनवर गजर लावा.

व्हीलचेअर मागताना 'जिने चढवत नाहीत, सपाट चालतात' असंच सांगा. फक्त 'व्हीलचेअर हवी' म्हटलं तर जिने चढू शकणाऱ्यांची नोंद होते, आणि विमान टर्मिनलच्या पुलाला (एरोब्रिजला) न लागता दूर उभं राहिलं तर शिडीपाशी पंचाईत होते. तुमच्या नोंदीवर उचलून नेणारी गाडी येते. किमान ४८ तास आधी, दोन्ही कंपन्यांकडे नोंदवा.

स्ट्रोलर गेटवर दिलात तर टॅगवर 'विमानाच्या दारात परत' असं लिहून घ्या, नाहीतर तो थेट शेवटच्या ठिकाणच्या सामानाच्या पट्ट्यावर जाईल. घडी घालून वरच्या कप्प्यात मावणारा असेल तर प्रश्नच मिटला. बॅगांचे टॅग शेवटच्या विमानतळापर्यंतचे आहेत का ते काउंटरवरच वाचा. थांबा अमेरिकेत असेल तर बॅगा सहसा तिथे स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मग हा वेळ कमी आहे, आजच पुढचं विमान मागा.

लाउंजमध्ये अंघोळ करायची असेल तर शिरतानाच नाव नोंदवा, पहाटे रांग असते. त्या तासात एकानेच जावं.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार, सीट आजच निवडते. दोन गोष्टी राहिल्या. मुलीला अधूनमधून सर्दी होते, त्या दिवशी असली तर? आणि मुलांना झोपेसाठी अ‍ॅलर्जीचं औषध देतात असं ऐकलंय, ते द्यावं का? हाताशी ठेवायच्या पिशवीत काय काय असावं?

पानगळ

झोपेसाठी ते औषध देऊ नका. काही मुलांवर त्याचा उलटा परिणाम होतो, झोपण्याऐवजी ती चळवळी आणि चिडचिडी होतात, आणि विमानात त्यावर काही उपाय नसतो. सर्दी असेल तर आठवडाभर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवून उतरतानासाठी काय द्यायचं ते विचारा. कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर त्यांनी होकार दिल्याशिवाय निघू नका.

दीपस्तंभ

डायपर: दर दोन तासांना एक आणि वर पाच. दारापासून दारापर्यंत २४ तास धरले तर १७. पण सगळी एका बॅगेत ठेवू नका. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बॅग वरच्या कप्प्यात जाते, पहिल्या ओळीत तर पायाशी काहीच ठेवू देत नाहीत. म्हणून सीटच्या कप्प्यात मावेल अशी एक चपटी पिशवी करा: दोन डायपर, ओले पुसणे, बाळाच्या कपड्यांचा एक जोड, घाणीसाठी दोन प्लास्टिक पिशव्या, दुधाची बाटली, मुलीचे हेडफोन. मोठ्यांसाठी प्रत्येकी एक सदरा वरच्या बॅगेत सगळ्यांत वर. उलटी बाळाची असली तरी कपडे तुमचे खराब होतात.

बाळाचं दूध आणि खाणं १०० मिलीच्या नियमातून बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, पण तपासणीला ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, १०० वॅट-अवरपर्यंत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, ती चालते. मात्र २०२५ पासून बऱ्याच कंपन्यांनी ती विमानात वापरायला किंवा चार्ज करायला बंदी घातली आहे. त्यामुळे मुलीचा टॅबलेट घरूनच पूर्ण चार्ज करून न्या, आणि सीटच्या सॉकेटसाठी केबल त्याच चपट्या पिशवीत ठेवा.