शब्दचर्चा : मौला, वाली, मवाली

प्रश्न : 'मौला' म्हणजे नेमकं काय? इस्लामच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वाचताना एकाच वाक्याची दोन भाषांतरं भेटली. 'मी ज्याचा मौला, त्याचा अलीही मौला.' (अली म्हणजे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई.) एका ठिकाणी मौला म्हणजे मित्र, दुसऱ्या ठिकाणी स्वामी. इतकं अंतर कसं?

– दोन्ही भाषांतरं प्रामाणिक आहेत, मेख तिथेच आहे. इ.स. 632 च्या मार्चमध्ये अखेरच्या हजहून मदिनेला परतताना पैगंबरांनी गदीर खुम्म या पाणवठ्यावर काफिला थांबवला आणि हे वाक्य उच्चारलं. त्यांनी ते उच्चारलं याबद्दल फारसा वाद नाही, सुन्नींच्या तिर्मिजीच्या हदीससंग्रहातही (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) ते आहे. भांडण 'मौला'वरून आहे : शियांच्या मते इथे अलींना वारस नेमलं, सुन्नींना ते मान्य नाही. व-ल-य या अरबी धातूचा गाभा 'जवळ असणं'. जवळचा म्हणून मित्र, जवळचा म्हणून पाठीराखा, पुढे धनी. धन्याने मुक्त केलेला गुलामही मौलाच!

सुन्नी म्हणतात, मागचापुढचा संदर्भ बघा. अली यमनच्या मोहिमेवरून आले होते, हाताखालच्या लोकांनी त्यांच्या करडेपणाची तक्रार केली होती. मला आपलं मानता तर यालाही माना, एवढंच पैगंबरांना सांगायचं होतं. शिया म्हणतात, त्याच्या आधीचं वाक्य बघा. 'मोमिनांवर (श्रद्धावंतांवर) त्यांच्या स्वतःपेक्षाही माझा हक्क अधिक नाही का?' असं त्यांनी आधी विचारलं होतं, आणि त्यातला 'औला' (अधिक हक्काचा) याच धातूचा. मग लगेच पुढे 'मित्र' कुठून आला? शब्दापुरतं बोलायचं तर मला शियांचं पारडं जड वाटतं. पण वारस नेमायचा होता तर इतका निसरडा शब्द का, हा सुन्नींचा सवालही झटकून टाकता येत नाही.

– मराठीत याला चपखल शब्द आहे की! 'त्याला कुणी वाली उरला नाही' मधला वाली. धातू तोच. वालीत माया पण आहे आणि अधिकार पण. 'विलायत' सुद्धा तिथलाच : एखाद्याच्या अधिकाराखालचा मुलूख. शियांच्या धर्मविचारात अली आणि त्यांच्या वंशातल्या इमामांच्या अधिकाराला हाच शब्द आहे, आणि आपल्याकडे त्याची विलायती चिंच झाली.

प्रश्नकर्ता : मग त्याच वर्षी पैगंबर गेल्यावर त्यांच्या जागी त्यांचे सहकारी अबू बक्र कसे निवडले गेले?

– मदिनेतल्या सकीफा बनू साइदा इथल्या बैठकीत, आणि अली तेव्हा तिथे नव्हते, घरी अंत्यविधीच्या तयारीत होते. मदिनेचे अन्सार, म्हणजे पैगंबरांना आसरा देणारे तिथले रहिवासी, म्हणत होते, 'एक अमीर (नेता) आमचा, एक तुमचा.' शेवटी अबू बक्र यांच्या हातावर बैअत (निष्ठेची शपथ) झाली. पदाचं नाव 'खलिफा', म्हणजे मागून येणारा. त्यांच्यानंतर उमर आले तेव्हा 'रसूलच्या खलिफाचा खलिफा' असं लांबण लागायला लागलं, म्हणून त्यांनी 'अमीर-उल-मोमिनीन' (श्रद्धावंतांचा नेता) घेतलं. उलट शियांचा शब्द 'इमाम', म्हणजे पुढे उभा असलेला. सुन्नी हा शब्द नमाज पढवणाऱ्यालाही आणि खलिफालाही लावतात, शिया मात्र इमामत ईश्वरनियुक्त मानतात. त्यामुळे मराठीत लिहिताना खलिफा आणि इमाम एकमेकांच्या जागी टाकू नयेत, फार गोंधळ होतो.

– मौलाचं अनेकवचन राहिलंच : मवाली. उमय्या घराण्याच्या खलिफांच्या काळात इस्लाम स्वीकारलेल्या बिगरअरबांना कुठल्या तरी अरब टोळीच्या आसऱ्याला जावं लागे, त्यांना मवाली म्हणत. बाटूनही अनेकांकडून जिझिया (बिगरमुस्लिमांवरचा कर) वसूल होई. 685 मध्ये इराकमधल्या कुफा शहरात मुख्तार नावाच्या पुढाऱ्याने अलींचे पुत्र मुहम्मद इब्न अल-हनफिया यांच्या नावाने बंड केलं तेव्हा हे लोक त्याच्यामागे गेले, आणि 750 मध्ये उमय्यांना उखडणाऱ्या अब्बासी घराण्याच्या पक्षातही ते मोठ्या संख्येने होते. उर्दूतले 'हवाली-मवाली' म्हणजे कुणाच्या मागेपुढे करणारं टोळकं. आपला गल्लीतला मवाली याच वाटेने आला असावा.

प्रश्नकर्ता : मौलाना आणि मवाली एकाच घरातले? हे कुठे बोलायची सोय नाही!