हॅम परवाना: मोर्स काढा, पण स्टेशन लावून दाखवायला सांगा

गोदाकाठ_40मीटर
सिंहस्थ 2027 तोंडावर आलाय, तिथे निरोप पोचवायला आपण हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, उपयोगी पडू, म्हणून परवाना-परीक्षेचा विषय काढतो. रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला थिअरी आणि नियमांचा पेपर दिला की 50 वॉट मिळतात. वरच्या जनरलला पेपर जड, शिवाय मिनिटाला 8 शब्दांचा मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी), मग 400 वॉट. म्हणजे जास्त पॉवर कोणाला द्यायची हे आपण टिकटिक ऐकून ठरवतो. 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उरली नाही, अमेरिकेने 2007 मध्ये ती काढूनही टाकली.

माझं म्हणणं: मोर्स ऐच्छिक करा आणि दोन्ही ग्रेडला वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक ठेवा. कनेक्टर सोल्डर करणं, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून लाट किती परत येते त्याचं माप) मोजणं, रिपीटरचा (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनचा) ऑफसेट, म्हणजे ऐकण्या-पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, आणि तो उघडणारा टोन हँडीत (हातातल्या सेटमध्ये) भरणं, एक निरोप शब्दशः पोचवणं. बस.

सातपूर_सोल्डर
पूर्ण सहमत. पेपरात एसडब्ल्यूआरची व्याख्या विचारतात, मीटर कधी फसवतो ते नाही. गच्चीवरून 30 मीटर आरजी-58 (पातळ अँटेना केबल) खाली आणली, तर 145 मेगाहर्ट्झला साधारण 6 डीबी (डेसिबल; दर 3 ला पॉवर निम्मी) केबलमध्येच जातात. रेडिओतून 5 वॉट निघाले तर अँटेनाला सव्वा. आता पावसात वरचा कनेक्टर गंजून अँटेना पार सुटली असं समजा. परत येणारी लाट पुन्हा 6 डीबी खाते, आणि खाली मीटर दाखवतो 1.7 (1 म्हणजे आदर्श). पठ्ठ्या खूश, ‘चालतंय की!’ आणि ऐकणाऱ्याला काहीच नाही.

नियम_आधी
सातपूरकर, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. 6 डीबी जाताना, 6 डीबी येताना, म्हणजे रिटर्न लॉस (परत आलेल्या लाटेतली एकूण घट) 12, म्हणून 1.7. हे गणित आहे, हातकाम नव्हे. ज्याला थिअरी कळलीय तो मीटर अँटेनाच्या बुडाशी लावून बघेल. ज्याला नाही, तो प्रात्यक्षिकात परीक्षकासमोरच्या दीड मीटर केबलवर छान पास होईल. पेपर सुधारा. पाठ करून सुटणारे प्रश्न काढा, असे दोन आकडेमोडीचे घाला.

आणि 12 वर्षांचं पोरही या परीक्षेला बसू शकतं. त्याच्या हातात तापलेला सोल्डरिंग गन देऊन, घड्याळ लावून काय तपासणार आहात?

गोदाकाठ_40मीटर
सोल्डरिंगचा मुद्दा मान्य, तो काढू. बाकीचं राहू दे.

अंजनेरी_रिले
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. परीक्षा कशासाठी? दुसऱ्याला त्रास होऊ नये आणि स्वतःला इजा होऊ नये, एवढ्यासाठी. हे दोन्ही धोके पॉवरबरोबर वाढतात. 50 वरून 400 वॉट म्हणजे 9 डीबी, समोरच्याच्या मीटरवर जेमतेम दीड एस-युनिट (सिग्नलच्या मीटरवरची पायरी). पण शेजाऱ्याच्या टीव्हीला आणि गच्चीवर डायपोलच्या (दोन बाजूंना तार ताणलेल्या अँटेनाच्या) टोकाला हात लावणाऱ्याला तो फरक चांगलाच जाणवतो. म्हणून प्रात्यक्षिक फक्त जनरलला, रिस्ट्रिक्टेडचा दरवाजा आहे तसाच सोपा.

सिंहस्थाचं म्हणाल, तर रामकुंडावरून 5 वॉटच्या हँडीने त्र्यंबकचा भरवसा धरू नका, डोंगर आडवे येतात. एक तर उंचावर रिले माणूस बसवा, नाहीतर 7.1 मेगाहर्ट्झचा डायपोल, दोन्ही बाजूंना 10-10 मीटर तार, जमिनीपासून चार मीटरवर ताणा. इतका खाली असला की लहर सरळ वर जाते, आयनोस्फिअर या वरच्या थरावरून परतते आणि दिवसा जिल्हाभर खाली उतरते, सुरगाण्यापर्यंत. याला 50 वॉट पुरतात.

सातपूर_सोल्डर
पुरतात, पण 100 वॉटचा सेट पूर्ण पॉवरवर 20 अँपिअर ओढतो आणि लोक बॅटरीला दीड चौरस मिलिमीटरची वायर लावतात. तीन मीटर जायला, तीन यायला, दीड व्होल्ट वाटेतच गेले. बोलायला लागलं की सेट बंद पडतो आणि दोष रेडिओला. पेपरात ओहमचा नियम मात्र सगळ्यांना येतो!

मोर्सवाला_पंचवटी
मोर्सला एवढं हिणवू नका. कमकुवत सिग्नलला आवाज विरतो तिथे तो निघतो, आणि घरी बनवलेल्या चार ट्रान्झिस्टरच्या सेटवर चालतो. खरी चूक 8 शब्दांच्या वेगात आहे. त्या वेगाने एक डिट (ठिपका) 150 मिलिसेकंदांचा, त्यामुळे शिकणारा ठिपके-रेघा मोजत बसतो आणि पुढे दहा-बारावर अडकतो. अक्षर 18 च्या वेगाने वाजवा, मधली जागा लांबवा. परीक्षेतही तसंच वाजवा.

नियम_आधी
ते ऐच्छिकमध्ये खुशाल करा. माझा प्रश्न प्रात्यक्षिकवाल्यांना आहे: परीक्षक कुठून आणणार? क्लबातलाच माणूस ठेवला तर तो आपल्याच विद्यार्थ्याला पास करणार.

अंजनेरी_रिले
आकडा लिहून घ्या, मत नको. डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा), पॉवर मीटर, आणि मुद्दाम बिघडवलेल्या तीन केबल्स: एक शॉर्ट, एक तुटलेली, एक ओल शिरलेली. उमेदवाराने कुठली कशी ते कागदावर लिहायचं, केबल्सचे नंबर आणि उत्तरं बंद पाकिटात बाहेरून यावीत. परीक्षक फक्त पाकीट फोडेल.

नियम_आधी
आणि ओल शिरलेली केबल पुढच्या परीक्षेपर्यंत वाळली तर?