मदत हवी आहे : मुलांच्या मापाची रायफल विकताना गिऱ्हाइकाला काय काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या, डोंगराळ भागात राहतो. मूळचा कुडाळकडचा. मासेमारी आणि शिकारीचं सामान विकणाऱ्या एका जुन्या दुकानात दोन वर्षं बंदुकांच्या काउंटरवर आहे. मालकांनी आता थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) आधी मुलांच्या मापाच्या बंदुका आणि त्यांचं सामान असा वेगळा कोपरा लावायचं काम माझ्यावर सोपवलंय. मला ते नीट करायचंय, आणि एकट्याच्या डोक्याने करायची भीती वाटते, म्हणून हा धागा. बंदूक असावी की नसावी हा वाद इथे नको, ही विनंती. मला दुकानात उभं राहून करता येण्यासारख्या गोष्टी हव्या आहेत.

इकडची पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं. आमच्याकडे हरणाच्या रायफल-शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो (२०१९ च्या आधी सोमवारी उघडायचा), आणि त्या सोमवारी अजूनही कित्येक गावांतल्या शाळा बंद असतात. स्वतःचं लायसन्स बाराव्या वर्षी मिळतं, तेही सुरक्षिततेचा कोर्स केल्यावर. त्याहून लहान मुलांसाठी २००६ पासून सोय आहे : २१ वर्षांवरचा जाणता माणूस सोबत हवा, दोघांत मिळून एकच बंदूक, आणि चालताना ती मोठ्याच्याच हातात. आपल्याकडे पावसाळ्यात पोरं काकाबरोबर कुर्ल्या धरायला जातात, तितक्याच सहज इथलं आठ-नऊ वर्षांचं पोर बापाबरोबर रानात जातं.

कायद्याने आम्ही १८ वर्षांखालच्या कोणालाही रायफल किंवा शॉटगन (छर्र्यांची बंदूक) विकू शकत नाही, पिस्तुलाला २१ पूर्ण लागतात. १९६८ पासून हेच आहे. म्हणजे गिऱ्हाईक आई, बाप नाहीतर आजोबा. ते ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात, आम्ही राज्य पोलिसांकडून तपासणी करून घेतो. स्वतःच्या पैशाने भेट द्यायला घेतली तर चालतं. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन स्वतःची सही ठोकली तर गुन्हा. कागदाची बाजू मला पाठ आहे. पण बंदूक ज्या पोराच्या हातात जाणार त्याच्याबद्दल त्या फॉर्मवर एकही रकाना नाही. वय किती, उंची किती, घरात आणखी धाकटं कोण आहे, काही नाही. ते विचारलं तर मी विचारायचं, आणि माझी जीभ तिथेच अडते.

गेल्या ऑक्टोबरात एक आजोबा नातवाला घेऊन आले. पोरगा दहा वर्षांचा, एकदम शांत. त्यांनी आखूड दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग) .२४३ मापाच्या गोळीची रायफल घेतली आणि दुर्बीण आमच्याकडूनच बसवून घेतली. बसवली मी. मोठ्या रायफलीला बसवतो तशी, रोजच्या हाताने, मागे ओढून. आजोबा फॉर्म भरत होते, पोरगा शेजारी उभा होता, पण ‘ये बाळा, एकदा खांद्याला लावून दाखव’ एवढं म्हणायचं मला सुचलं नाही. दस्ता आखूड असला की डोळा दुर्बिणीच्या आधीच जवळ येतो, आणि लहान मूल दस्ता खांद्यात घट्ट ओढून धरत नाही. तीन आठवड्यांनी दोघं परत आले तेव्हा पोराच्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेचा चंद्रकोरीसारखा व्रण, चार टाके. आजोबा एका शब्दाने रागावले नाहीत. मी पोराला विचारलं, ‘परत मारून बघायची का?’ तर तो त्यांच्या जॅकेटच्या मागे सरकला. दुर्बीण मी फुकट पुढे सरकवून दिली. पण ती चूक माझी होती आणि ती मनातून जात नाही.

त्यानंतर मी या मालाकडे नीट बघायला लागलो. सगळ्यांचा समज असा की हलकी बंदूक म्हणजे मुलांची बंदूक. पॉइंट टू टूला (.२२, बारीक गोळीची रायफल) ते खरं आहे, तिला धक्काच नसतो. पण अडीच किलोच्या २० गेजच्या शॉटगनमध्ये (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी) जड काडतूस घातलं तर बापाच्या वजनदार १२ गेजपेक्षा ती जास्त मारते. त्याहून बारीक नळीच्या ४१० चा धक्का कमी, पण छर्रे इतके थोडे की नवशिक्या पोराचा नेमच लागत नाही आणि ते हिरमुसतं. हे मी आता न विचारता सांगतो.

माझी खरी काळजी मात्र कुलपाची आहे. आमच्याच राज्यात मिल्टन गावात ‘क्रिकेट’ नावाची मुलांची रायफल बनते (खेळाशी संबंध नाही, क्रिकेट म्हणजे रातकिडा). एका वेळी एकच गोळी. बोल्ट (गोळी आत घालून बंद करायचा दांडा) बंद केला तरी मागची गुंडी बोटांनी ओढल्याशिवाय ती उडत नाही. बनवणाऱ्यांनी विचार केलेला दिसतो. तरीही २०१३ मध्ये केंटकीत पाच वर्षांच्या मुलाच्या हातून याच रायफलीने त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल घराच्या कोपऱ्यात उभी होती, आत गोळी राहिलीय हे घरात कुणाला माहीत नव्हतं, आई मिनिटभर बाहेर गेली होती. रायफल त्या मुलाला भेट मिळालेली.

माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ती माळ्यावर, दारूचा डबा आजीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आजीच्या कनवटीला. आम्हा पोरांना बंदूक दिसायची, पण ती उडवायला आजीकडूनच जावं लागायचं. इथे पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा सुरक्षित पेटी द्यावीच लागते, २००५ चा कायदा आहे. रायफलीला ती सक्ती नाही. बहुतेक कंपन्या खोक्यात एक साधं केबल कुलूप टाकतात खरं. पण दुकानात जुन्या रायफली परत विकायला येतात तेव्हा खोक्यात ती प्लॅस्टिकची पिशवी मला न फोडलेलीच सापडते, दोन्ही किल्ल्या आत.

तर माझे प्रश्न. घरात कोण कोण आहे, बंदूक कुठे ठेवणार, हे गिऱ्हाइकाला अपमान न वाटता कसं विचारायचं? मी परक्या देशातून आलेला, उच्चार वेगळे, आणि समोरचा तीन पिढ्यांचा शिकारी, हेही लक्षात घ्या. मालकांना गुलाबी आणि निळ्या दस्त्याच्या रायफली मुलांच्या हाताला येतील अशा खाली, गळांच्या शेजारी लावायच्या आहेत; माझं मन घेत नाही, पण त्यांना काय कारण सांगू? आणि मुलांचे कानाचे मफ, चष्मे, जॅकेटं यात खरोखर कामाचं काय? इथे मुलं वाढवलेल्यांनी जरूर लिहा.


प्रतिसाद १

दादा, मी ओहायोत मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. आम्हीही पालकांना हे विचारतो, म्हणून अनुभवातून सांगते. ‘तुमच्याकडे कुलूप आहे का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘शिकारीहून रात्री उशिरा, दमून घरी आलात की ही कुठे ठेवणार?’ असं विचारा. माणूस थांबतो आणि खरी जागा सांगतो. पुढचा प्रश्न, ‘किल्ली कुठे?’ किल्ली खिळ्याला टांगलेली असेल तर ते कुलूप नव्हे. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचा सल्ला अगदी तुमच्या आजीसारखा आहे : बंदूक रिकामी आणि कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. मुलाला जागा माहीत नाही, यावर कुणी विसंबू नये. मुलांना घरातली प्रत्येक जागा माहीत असते.

२०२० पासून या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, मोटारीपेक्षाही पुढे. हा आकडा काउंटरवर सांगू नका, समोरचा दार लावून घेईल. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, म्हणजे विचारताना लाज वाटणार नाही. आणि गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुवायला सांगा. शिसं असतं, आणि मुलं तेच हात घेऊन खायला बसतात.


प्रतिसाद २

मी तुमच्याच राज्यातला. मुलगा बारा वर्षांचा, मित्राच्या घरच्यांबरोबर शिकारीला जायला लागला, म्हणून मीही कोर्स केला. मला दुकानात असं कुणी विचारलं असतं तर राग आला नसता, उलट बरं वाटलं असतं. मी या सगळ्यात नवखा होतो आणि विचारायला लाजत होतो.

मापाचं सांगतो. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची मागची बाजू कोपराच्या खोबणीत टेकवायची. तर्जनीचं पहिलं पेर आरामात चापावर आलं पाहिजे. ही ढोबळ तपासणी झाली. मग रिकामी रायफल उभ्याने खांद्याला लावून तीस आकडे मोजायला लावायचे. वीसच्या आत मूल कंबर मागे झुकवायला लागलं तर ती त्याला जड आहे, बापाला कितीही आवडो. दस्त्याला मागून पट्ट्या जोडता येतील असं मॉडेल दाखवा, दोन वर्षं जास्त निघतात.

सामानात कानाचे मफ सगळ्यात आधी. पॉइंट टू टूचा आवाजसुद्धा १४० डेसिबलच्या आसपास असतो. मोठ्यांचे मफ मुलांच्या डोक्यावरून घसरतात, कानाखाली फट राहते, म्हणून लहान पट्टीचेच हवेत. सूचना ऐकू येतात तसे इलेक्ट्रॉनिक मिळाले तर फार बरं, कारण ‘थांब’ म्हटलेलं मुलाला ऐकू आलं पाहिजे. चष्मा नाकावर घट्ट बसणारा. आणि गळ्यापर्यंत बटण लागणारा शर्ट. हे कोणी सांगत नाही. गरम रिकामी पुंगळी कॉलरमध्ये पडली की पोर दचकून हातातल्या बंदुकीसकट वळतं. मी समोर उभा होतो, म्हणून लिहितोय. केशरी जॅकेट मात्र थोडं मोठं घेतलं तरी चालतं. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी दिसलं पाहिजे, असा इथला नियम.


प्रतिसाद ३

कोल्हापुरातून लिहितेय. माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. तुमच्या बंदुका वेगळ्या, पण मुलाचं अंग तेच. आमच्या सरांनी पहिले काही दिवस छर्राच दिला नाही. नुसतं उचलणं, धरणं, ठेवणं. ठेवली की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे लांबूनही कळतं की रिकामी आहे. तो फ्लॅग तुम्ही प्रत्येक रायफलीबरोबर द्या, अगदी स्वस्त असतो. दस्ता आणि गालाची पट्टी दर तीन-चार महिन्यांनी तिच्या वाढीप्रमाणे बदलतो. गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी पोराला घेऊन परत यायला सांगा, माप फुकट बघून देतो म्हणावं.

खाली गळांच्या शेजारी ठेवू नका. गळ मूल स्वतः उचलतं, वडिलांना न विचारता. बंदूक मागून घ्यायची वस्तू आहे, हे दुकानातच कळू दे.


धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी मालकांना जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, वर लाव. आता रंगीत दस्त्याच्या रायफली काउंटरच्या मागे, फ्लॅग घातलेल्या. खाली मुलांच्या हाताला येतील असे मफ, चष्मे, केशरी टोप्या. दुर्बीण मूल समोर नसेल तर मी बसवत नाही, तशी पाटीच लावलीय. केबल कुलपाची पिशवी मी काउंटरवर फोडतो आणि बोल्ट उघडून केबल आतून ओवायला गिऱ्हाइकालाच देतो. हाताने एकदा केलं की घरी करायला कंटाळा येत नाही, असं मला वाटतं. ‘रात्री उशिरा घरी आलात की’ हा प्रश्न आत्तापर्यंत अकरा जणांना विचारला. एकाने उत्तर दिलं नाही, फॉर्म तसाच ठेवून निघून गेला. दोघांनी त्याच दिवशी गोळ्यांसाठी कुलपाची पेटी घेतली.

एक अडचण उरली होती : नाताळची भेट गुपचूप घ्यायला एकटे येणारे आईबाप. पोराला आणा म्हटलं तर गंमत जाते, आणि दुकानाबाहेर गेलेली बंदूक आम्ही बदलून देत नाही. म्हणून कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप घरून आणायला सांगायला लागलो. परवा एक ट्रकवाले गृहस्थ आले. मुलगी झोपलेली असताना सुतळीने माप घेतलं होतं, दोन्ही टोकांना गाठी. काउंटरवर सुतळी सरळ करून पट्टी लावली, साडेअकरा इंच भरली. त्यांनी मनात धरलेली रायफल तेरा इंच दस्त्याची होती. ती परत मांडणीवर ठेवून मी दुसरी काढली.